प्रोटॉनच्या आतले तिघे

"खूण बघा, सर!" असं म्हणत त्या चष्मा कपाळावर सारायच्या आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर पेनाचं टोपण टेकवायच्या. टोपणाखाली हमखास माझी एखादी चूक निघायची.

लातूरला आमच्या क्लासमध्ये त्या प्रश्नपत्रिका टाइप करायच्या. मूळच्या नांदेडकडच्या लोहा गावच्या, शिक्षण बारावी आर्ट्स. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेल बघा, ज्याचं नाव कुठल्याच पाटीवर नसतं अन् ज्याच्यावाचून पानही हलत नाही.

मी तेव्हा फिजिक्सचा नवा मास्तर, आणि ताठा म्हणाल तर विचारूच नका. एका शनिवारी भरदुपारी ताईंनी छपाईच थांबवली. दुसऱ्या दिवशी टेस्ट, झेरॉक्सवाला दारात उभा.

"ताई, तुम्ही टाइप करा हो, फिजिक्स मी बघतो," मी फणकारलो.

"बघा की, मी कुठं नको म्हणून राहिले? प्रोटॉनच्या आत तिघं हायत ना? दोन तृतीयांश, दोन तृतीयांश अन् एक तृतीयांश. झाले पाच तृतीयांश. मागच्या सगळ्या पेपरांत तर प्रोटॉनचा चार्ज एकच होता!"

मी कागद पाहिला. अक्षर माझंच. प्रोटॉनच्या आतले ते तिघे म्हणजे क्वार्क, दोन 'अप' अन् एक 'डाऊन'; त्यातल्या डाऊन क्वार्कच्या चार्जपुढची वजाची खूण मीच खाल्ली होती. ताईंनी ती गुपचूप घातली, मला चहा पाजला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

तेव्हापासून त्यांना त्या तिघांचा नादच लागला. न्यूट्रॉन तर फार लाडका. "शून्य शून्य म्हणून हिणवता अन् आत तिघं नांदून राहिले की!"

एकदा त्यांनी विचारलंच. "सर, प्रोटॉनात तिघं. इलेक्ट्रॉन बिचारा एकटा, त्याला तुकडेच न्हाईत. एक अधिक, एक वजा, ते ठीक. पण दोघांच्या चार्जचा आकडा बरोब्बर तेवढाच कसा? जराबी फरक न्हाई?"

बाप रे! "ताई, ते सिलॅबसमध्ये नाही," म्हणून मी सटकलो. त्या अधूनमधून विचारायच्या, मी सिलॅबस पुढं करायचो. पुढे त्यांनी विचारणंच सोडलं. सुटलो बुवा, असं वाटलं मला.

यंदा त्यांच्या लेकाला नांदेडला नोकरी लागली आणि ताई निघाल्या. निरोपाचे पेढे वाटून झाले. रिक्षापर्यंत पिशवी नेता नेता म्हणालो, "ताई, तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. पक्कं उत्तर अजून जगात कुणालाच सापडलेलं नाही."

ताई थांबल्या.

"कुणालाच न्हाई? अगं बाई! मग आधी सांगायचं ना, सर. मला वाटलं, आर्ट्सवालीला काय कळणार म्हणून सांगत न्हाईत. मी आपली माझ्याच डोक्याला बोल लावून राहिले होते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मात्र खळखळून हसल्या, पिशवी घेऊन रिक्षात बसल्या. रिक्षा कोपऱ्यावर वळली तरी आवाज येत होता. रिक्षावाल्याला सांगत होत्या, "भाऊ, जगात कुणालाच येत न्हाई म्हणं ते!"