न कळलेला प्रश्न

कोरियात बुसानमध्ये नोकरीला होते तेव्हा ऑफिसातल्या मिनजीनं मला रविवारी करण्यासारख्या गोष्टी सांगितल्या होत्या. समुद्र, डोंगर, मासळीबाजार झाले. गरम पाण्याचं सार्वजनिक स्नानगृह राहिलं होतं. सगळ्यांसमोर उघड्यानं अंघोळ करायची, म्हणून मी टाळत होते. एका थंडीत धीर करून गेले.

शेजारच्या स्टुलावर एक म्हातारी होती. तिनं अंग घासायचं खरखरीत फडकं माझ्या हाती दिलं आणि पाठ माझ्याकडे वळवली. लहान मुलीसारखी, एवढीशी पाठ. मी हलक्या हातानं घासली. मग ती माझी घासू लागली आणि मध्येच थांबून तिनं कानाशी काहीतरी विचारलं. मला समजलं नाही. तिनं तेच पुन्हा विचारलं. परक्या मुलखात न कळलेल्या प्रश्नाला माणूस हसून 'हो' म्हणून टाकतो. त्यांच्या भाषेतला 'हो' मला येत होता. मी म्हटलं, "ने."

तिचा हात माझ्या पाठीवरून निघाला. ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी ते शब्द मी मिनजीला जमतील तसे म्हणून दाखवले. ती म्हणाली, "'अजून रागावली आहेस का गं माझ्यावर?' असं विचारलंय तिनं."

पुढचे कितीतरी रविवार मी 'नाही' हा शब्द घोकत तिथं गेले. ती दिसली नाही. तिच्यावर कोण रागावलं होतं, मला ठाऊक नाही. त्या कुणाच्यातरी वतीनं उत्तर मात्र मी देऊन बसले आहे.