धोंडुबाईंची मूठ

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाईक ग्लास पुढे करतं आणि धार थेट ग्लासात पडते. नवऱ्यामागे धोंडुबाई तिथे दोन म्हशी आणत. मोक्याची जागा त्यांची. धाकटा दीर जोतीराम आपली एकुलती म्हैस घेऊन कोपऱ्यात उभा राही आणि जळत राही.

एका पहाटे त्याने वहिनीच्या म्हशीचं दावं विळ्याने कापायला घेतलं. धोंडुबाईंनी दावं सोडलं नाही. विळा तळहातातून गेला आणि दोन बोटं वळवणाऱ्या आतल्या दोऱ्या तुटल्या.

त्या पोलिसांत गेल्या नाहीत. मी रोजचा गिऱ्हाईक, मला म्हणाल्या, “साहेब, तुरुंगात त्याला आयतं खायला मिळंल. मी माझ्या हातानं हिशेब भागवतो.”

पण दवाखान्यात शिवलेल्या दोऱ्या आत चिकटल्या. बोटं ताठ. मूठ वळल्याशिवाय धार निघत नाही. डॉक्टरांनी मग त्या दोऱ्यांच्या जागी सिलिकॉनच्या मऊ कांड्या बसवल्या.

“शरीर यांना परकं समजणार,” ते म्हणाले. “खाऊन टाकता येत नाही म्हटल्यावर त्यांच्याभोवती गुळगुळीत पडदा विणणार. त्याची नळी झाली की कांडी काढायची आणि तुमच्याच पायातली जादा दोरी तिच्यातून ओवायची.”

“म्हंजे परक्याला आत घ्यायचं, वाट करून घ्यायची आन् हाकलायचं?”

“तसंच.”

“बरं हाय की.”

तरी राग आवरेना. आठवड्यातच त्यांनी चोरून म्हैस पिळली आणि हात भाकरीसारखा फुगला. डॉक्टर भडकले. “आतली सूज अशी वाढवलीत तर नळी होणार नाही, नुसती जाड गाठ होईल. मग बोटं कायमची गेली!”

धोंडुबाई घरी आल्या आणि त्यांनी जोतीरामला बोलावलं. “भावजी, माझा हात गेलाच म्हणायचा. म्हशी तुम्हीच पिळा, माझ्या जागेवर. निम्मं दूध तुमचं.”

“झालं गेलं इसरा, वैनी,” जोतीराम खुशीत म्हणाला.

कट्ट्यावर लोक टोचत, “बोटं तोडणाऱ्याच्याच हातात सड दिलं व्हय, आक्का?” जोतीरामने गिऱ्हाईकं राखली, म्हशी आटू दिल्या नाहीत. वहिनी आता काही परतत नाही, अशी खात्री पटल्यावर त्याने स्वतःची म्हैस आजऱ्याच्या माणसाला विकली. त्या दिवशी धोंडुबाईंनी मला पेढा दिला.

पायातली दोरी ओवायचं ऑपरेशन त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. विश्रांतीला म्हणून कोडोलीला भाचीकडे राहिल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं तेवढीच, रोज बोटं वळवत राहिल्या.

धार काढायची परवानगी मिळाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या कट्ट्यावर आल्या. गर्दी होती.

“उठा भावजी.”

“वैनी, पिळवंल का तुमच्यानं?”

त्यांनी त्याच्या तोंडासमोर मूठ वळवली. करंगळीशेजारचं बोट जरा कमी मिटलं. मग त्या खाली बसल्या आणि पहिला ग्लास फेसाने भरला.

“माझी म्हैस गेली की ओ! मी आता काय करू?”

“ग्लास हाय का?”

“न्हाय.”

“मग गर्दी करू नगासा,” धोंडुबाई म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा ग्लास घेतला.