सायकलची वालट्यूब आणि समोरचे दोन दात

माझ्या वरच्या समोरच्या दोन दातांमध्ये फट होती. फार नाही, ज्वारीचा दाणा उभा बसेल एवढी. तेरा वर्षांची होईपर्यंत ती मला ठाऊकच नव्हती, कारण घरात आरसा एकच, तो काकाच्या दाढीच्या पेटीत. काका शेजारच्या गावात शाळामास्तर होता आणि आमच्या गावातली एकुलती एक सायकल त्याची. एकदा ओट्यावर बसून मी भुलाबाईची गाणी म्हणत होते. 'स' आला की दातातून शीळ वाजायची. काका सायकल पुसता पुसता म्हणाला, "बाई, जरा तोंड मिटून गा. न्हाई तर तुझ्या दातातून माझी सायकल जाईन, अन् घंटी बी वाजवावी लागनार न्हाई."

सगळे हसले. मायसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मी तिथून उठले ती तीन दिवस गायले नाही. त्या वयात माझ्याकडे अक्कल कमी आणि अभिमान जास्त होता, आणि दोन्हीचं माप मी उलटं सांगत असे.

सायकलच्या चाकात हवा धरून ठेवायला रबराची एक बारीक नळी लागते. तिला सगळे वालट्यूब म्हणत. लढाईचे दिवस होते, रबर मिळत नव्हतं. काकानं हिंगोलीहून आणलेली वीतभर वालट्यूब काड्यापेटीत कापूस घालून जपली होती. ती चाकाच्या तोंडातल्या खिळीवर चढवताना तो कशी ताणतो आणि सोडल्यावर ती कशी आवळून बसते, हे मी कितीदा पाहिलं होतं. जी नळी अख्ख्या चाकातली हवा सोडत नाही, ती दोन दातांना जवळ आणणार नाही काय? आज कुणी मला हे सांगितलं तर मी त्याला शहाणा म्हणेन आणि त्याच्या हातून विळी काढून घेईन. तेव्हा माझ्या हातून विळी काढून घ्यायला कुणी नव्हतं.

मी बोटाच्या पेराएवढा तुकडा कापला, त्यातून एक बारीक वळं काढलं आणि दोन्ही दातांवर चढवलं.

पहिला दिवस कौतुकात गेला. दुसऱ्या दिवशी दात असे ठणकायला लागले की भाकरीचा पापुद्रासुद्धा चावेना.

माय म्हणाली, "काहून जेवत न्हाईस?"

"पोट दुखून राहिलं."

तिनं एरंडेल पाजलं. दाताच्या दुखण्यावर त्याचा काही उपयोग झाला नाही, पण खोटं बोलण्यावर औषध म्हणून ते बरं होतं. चौथ्या दिवशी ठणका कमी झाला. आठव्या दिवशी काका बाहेर गेल्यावर मी आरसा काढून पाहिला. फट गेली होती. दात एकमेकांना चिकटून उभे, जत्रेत हात धरून चाललेल्या जावांसारखे.

आणि वळंही गेलं होतं.

मी जिभेनं चाचपलं, बोटानं चाचपलं. नाही. भाकरीबरोबर गिळलं असेल म्हटलं. काम झालं, हत्यारही आपणहून गेलं, पुरावा राहिला नाही. त्या दिवशी मी एवढी खूश होते की संध्याकाळी ओट्यावर बसून सगळी गाणी म्हटली. शीळ वाजली नाही. काकानं माझ्याकडे पाहिलंही नाही. तो काड्यापेटी उघडून बसला होता.

"वहिनी, ही नळी कमी झाली."

"उंदरानं खाल्ली असन," माय चुलीपासून म्हणाली.

"एवढी सरळ कापनारा उंदीर म्या अजून पाह्यला न्हाई."

मी आढ्याकडे पाहत राहिले. त्या दिवसांत रबराचं एक पेर कमी पडलं तर सायकल आठ दिवस उभी आणि काकाच्या चाकरीचा प्रश्न, एवढं मला कळत होतं. म्हणून पुढे जे झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. खरी चूक रबर बांधण्यात नव्हती, ती इथे होती.

दोनेक आठवड्यांनी दात घासायच्या बाभळीच्या काडीला रक्त लागायला लागलं. हिरडी खाजायची, मग फुगली. मी मीठ चोळलं. पुढे दात लांब वाटायला लागले. ओठ मिटला तरी खाली टेकायचे. मी मनाशी म्हटलं, वय वाढतंय, दातही वाढत असतील. स्वतःची अशी समजूत काढण्यात मी हुशार होते. मग एके सकाळी जिभेनं ढकलला तर डावा दात हलला. उजवा ढकलला, तोही हलला.

लहानपणी दात हलला की आम्ही नाचायचो. पण दुधाचे दात केव्हाच पडून गेले होते. हे दोघे गेले तर यांच्यामागून येणारं कुणी नव्हतं. मी परसात उभी राहिले, तोंड मिटून, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. तेरा वर्षांची पोर, आणि बोळक्या तोंडाची. काकाच्या सायकलीला आता खरंच वाट मिळणार होती.

त्या दिवसापासून मी कण्या आणि ताक यांवर राहिले. बोलताना हात तोंडावर. शेवटी ताटातल्या कण्यांवर रक्ताचा थेंब पडला आणि मायनं माझा हात धरून खाली ओढला. ओठ वर करून तिनं पाहिलं आणि काकाला हाक मारली. काका वाकून बघून म्हणाला,

"हालनारा दात ठिवून काय करनार? पू झालाय, वासबी येऊन राहिला. बाजाराच्या दिवशी जवळ्याला न्या, दातवाला काढून देईन."

बाजाराला पाच दिवस होते. मी ते पाचही दिवस जिभेनं दात ढकलून पाहिले, घट्ट झाले का म्हणून. त्यानं ते आणखी हलले असणार.

जवळा बाजारला आम्ही आबांच्या गाडीतून गेलो. आबा म्हणजे माझे आजोबा. बैल पारखण्यात त्यांचा हात धरणारा चार गावांत नव्हता. लोक जोडी घ्यायला निघाले की आधी आबांना गाडीत घालत. आबा बैलाच्या दातांवरून त्याचं वय सांगत, आणि मालकानं किती लपवलं तेही. माणसांच्या तोंडात मात्र ते कधी डोकावले नव्हते, पोरीबाळींच्या तर नाहीच.

दातवाला लिंबाखाली चादर अंथरून बसलेला. चादरीवर काढलेल्या दातांचा ढीग, जाहिरात म्हणून. त्यानं मला समोर बसवलं, पकड फडक्यानं पुसली. मी त्या ढिगाकडे पाहत होते. माझे दोन कुठे पडतील, वर की बाजूला, हेच डोक्यात.

"देखो पटेल, हिलता दांत पराया दांत. दो मिनट का काम," तो आबांना म्हणाला.

माय पदराआडून आबांना म्हणाली, "मामंजी, काढूनच टाकू द्या. लेकराला लई तकलीफ हाय."

"थांब," आबा म्हणाले. "बैल घेतानी बी मी दात पाह्यल्याबिगर घेत न्हाई. मंग काढतानी पाहू नई का?"

ते माझ्यासमोर उकिडवे बसले. अंगठ्यानं ओठ वर केला, बैलाचा करतात तसाच, आणि मान उन्हाकडे वळवली. बराच वेळ पाहिलं.

"ह्ये दात वाढले न्हाईत. हिरडी सुटून राहिली. असं म्हाताऱ्या बैलाचं होतं." मग त्यांनी बोट मधोमध ठेवलं. "पोरी, हितं फट व्हती."

मी नजर मायकडे वळवली.

"व्हती का नव्हती?"

"व्हती."

"मंग कुठं गेली?"

दातवाल्याच्या हातात पकड होती. माय बघत होती. खोटं सुचत नव्हतं असं नाही, दोन-तीन सुचली होती. पण त्यांतलं एकही दात वाचवणारं नव्हतं.

"वालट्यूब बांधली व्हती," मी म्हणाले. "काकाची. मंग गिळली."

"गिळली न्हाईस," आबा म्हणाले. "वर चढली."

दात मुळाकडे निमुळता असतो. रबर निसटत निसटत हिरडीत शिरतं आणि आत बसून आवळत राहतं. हे मला पुढे कळलं. आबांनी पैरणीखालून करदोट्याला बांधलेला काटे काढायचा चिमटा सोडवला. दातवाल्यानं न सांगता माझं डोकं मागून धरलं आणि हिरडीला लवंगाचं तेल लावलं. मग जे दुखलं त्याचं वर्णन करत नाही. माझी बाळंतपणं पाच झाली, एवढं सांगते. आबांचा चिमटा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा ते थांबले, श्वास घेतला आणि हळूच ओढलं. काळं, रक्तानं माखलेलं, तांदळाएवढं काहीतरी चिमट्याच्या टोकाला आलं.

दातवाल्यानं ते उन्हात धरून पाहिलं. "पटेल, दुकान तुमीच लगाव," तो म्हणाला. "मैं बैलां देखतूं."

पण दात हलतच होते, आणि रबर निघाल्यावर जरासे फाकलेही होते. दातवाला म्हणाला, आता आधार दिला तर धरतील, नाही तर महिन्याभरात आपणहून पडतील. म्हणून तिथून सोनाराकडे. माझ्या पायातली एक तुटकी चांदीची तोरडी मायनं गाडीतल्या गाठोड्यात आणली होती, सांधायला. आबांनी ती सोनारापुढे ठेवली. त्यानं चांदी तापवून, छिद्रांच्या पट्टीतून ओढून ओढून केसासारखी तार केली आणि विचारलं, "फट मिटवून बांधू, का हाय तशी?"

"मिटवून," मी म्हणाले. तोंडात रक्त होतं तरी.

आबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "तिला कोन इचारलं? दात जसा उभा हाय तसा बांध. वढू नको. वढूनच ह्ये झालं."

वेणी घालावी तशी आतबाहेर ती तार सहा दातांमधून गेली.

आता माझ्या नातीच्या दातांना तारा आहेत. तिच्या मैत्रिणीला काचेसारख्या पट्ट्या आहेत, त्या दिसतही नाहीत. नात विचारते, आजी, किती दुखेल? मी सांगते, तीन दिवस रडू येईल, चौथ्या दिवशी नुसता राग, आठव्या दिवशी विसरशील. डॉक्टर पुन्हा आवळतील तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. मऊ खा. जेवलीस की तोंड धू, तारेत अडकलेलं वास मारतं. आणि आपल्या मनानं काही बांधू नको, काही सोडू नको. डॉक्टरच्या छापील कागदात याहून जास्त काही नसतं, मी वाचलाय.

माझ्या तारेचं टोक ओठ सोलायचं. मायनं आपल्या करंड्यातलं मेण काढलं, कुंकवाखाली लावायचं, आणि रोज सकाळी त्याची बारीक गोळी करून टोकावर दाबायची. एकदाही रागावली नाही. त्यापेक्षा रागावली असती तर बरं वाटलं असतं. महिना गेला, हिरडी बसली. दुसरा गेला. मी जिभेला शिकवलं की तिकडे जायचं नाही, आणि ती ऐकत नव्हती. दात हलतो की तार हलते, हे बाहेरून कळत नव्हतं. कळायचं तार काढल्यावरच.

चौथ्या महिन्यात सोनारानं तार कापली. आबा समोर उकिडवे बसले. डावा दात त्यांनी अंगठा आणि बोटात धरला, मागेपुढे केला. मी डोळे मिटले.

"ह्यो धरला."

मग उजवा. तो त्यांनी दोनदा मागेपुढे केला. मला त्यांच्या बोटांना लागलेला तंबाखूचा वास येत होता, आणि सोनाराची फुंकणी थांबली होती.

"ह्यो जरासा हालतो," आबा म्हणाले. "पन मुळातून न्हाई. धरन. अजून दोन महिने भाकर कुस्करून खायची."

घरी आल्यावर मायनं ताट वाढलं. भाकर गरम होती, कडा करकरीत. मी ती दुधात कुस्करली, पार लापशी होईपर्यंत.