कॉलरला बोंबलाचा वास

"सर, प्लीज, माझ्या मुलीची पार्टनर बदला. हिच्या कपड्यांना वास येतो."

नवीन पनवेलच्या ज्युदो क्लासमध्ये रियाची आई सगळ्यांसमोर म्हणाली. रियानं माझी कॉलर सोडली आणि स्वतःची बोटं हुंगली. सरांनी मला विचारलं, "काय गं, घरी साबण नाही का?" सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

साबण होता. ज्युदोचं जॅकेट मी रोज धूत होते. पण करंजा या आमच्या कोळ्यांच्या गावात, अंगणात कडक ऊन लागतं ते बोंबील वाळवायच्या बांबूंवर. आईनं त्यातला एक बांबू माझ्या जॅकेटसाठी मोकळा ठेवला होता. शेजारी बोंबील. वास लागायचाच. रविवारी हीच माणसं गाड्या घेऊन आमच्याकडे सुकी मासळी घ्यायला यायची, तेव्हा कुणाच्या नाकाला काही होत नव्हतं.

मी तेव्हा पंधराची. त्या दिवसापासून सरांनी मला एकच काम दिलं. पडायचं. स्पर्धा जवळ आली की ज्याला डाव पक्का करायचाय त्यानं मला उचलून आपटायचं. पाठ काळीनिळी. रियालाही मग माझा वास चालायला लागला. आपटायला चालतो.

"पुढच्या वर्षी तुला स्पर्धेत उतरवतो," सर म्हणायचे. तीन वर्षं म्हणाले. दोन बस बदलून मी जायचे आणि पडून परत यायचे.

मग पालकांसमोर प्रात्यक्षिकं ठरली. रिया डाव दाखवणार होती. सर माझ्या कानाशी पुटपुटले, "तिचा जोर पुरणार नाही. तू उडी मारून पड."

रियानं ओढलं. मी उभी. पुन्हा ओढलं. मी उभीच. तिसऱ्यांदा तीच तोल जाऊन गुडघ्यावर आली. मी काहीच केलं नव्हतं. फक्त पडले नव्हते.

"उद्यापासून येऊ नकोस," सर म्हणाले.

घरी आई बोंबील उतरवत होती. सगळं ऐकलं आणि मान वर न करता म्हणाली, "वास काय जानार नाय गो. तू खेलनार हाय का नाय, बोल."

त्याच संध्याकाळी बोंबलाच्या खांबाला सायकलची जुनी ट्यूब बांधली. दोन्ही टोकं धरून डाव टाकल्यासारखं वळायचं, ओढायचं. शंभर वेळा. रोज.

याला आठ वर्षं झाली. आता दुसऱ्या क्लासला जाते. गुडघा कायमचा दुखावलाय. पदक एकही नाही. लोक विचारतात, इतकी वर्षं टिकलीस कशी? त्यांना काहीतरी गोड ऐकायचं असतं. ते माझ्याकडे नाही. अंग नको म्हणतं तेव्हा मला रियाची ती हुंगलेली बोटं आठवतात. मग ट्यूब धरते.

जॅकेट आजही त्याच बांबूवर वाळतं. ज्याला वास येतो त्यानं यावं, कॉलर धरावी, मला पाडून दाखवावं. सांगितलं म्हणून मी पडणार नाही.