गोदावरीत उतरलेला ड्रोन

दोष आमच्या एचओडी सरांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी "पोराचंच चुकलं असंल" म्हणायला नको! आमच्या बॅचची चार पोरं बसली की सरांचा एक किस्सा निघतो, आणि त्याचं शेपूट धरून दहा येतात.

मी आणि अझहर नदीच्या मधोमध जाऊन पाण्याचा नमुना आणणारा ड्रोन बनवत होतो. अझहरचे अब्बा कुंभार पिंपळगाव ह्या गावी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करतात, म्हणून जोडणीला हात त्याचा, प्रोग्रॅमिंग माझं. फायनल इयरचे मार्क ह्याच ड्रोनवर.

*

आठ महिन्यांत सरांनी ड्रोनसाठी एकच काम केलं. स्वतःच्या फोटोचं चंदेरी स्टिकर आणलं आणि चिकटवलं बराबर जीपीएसवर! ड्रोन भरकटायला लागला.

"सर, त्याला सॅटेलाइट सापडंना," अझहर म्हणाला.

"मंग जीपीएस दुसरीकडं लाव की! फोटो मधीच पाहिजे."

*

घनसावंगीला ट्रायल घ्यायला गेल्तो. तिथले एक बडे बागायतदार काका म्हणाले, "शेजाऱ्यानं माझा बांध कोरलाय. वरून फोटो काढा, तोंडावर मारतो त्याच्या!"

काढला. मोजणीच्या दगडांपलीकडं काकांचाच ऊस घुसलेला! काकांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं.

"मशीन बिघडलंय," म्हणाले. "आणि चहाचं दूध नासलंय. निघा."

*

कॉलेजच्या गॅदरिंगला सरांना पाहुण्यांवर पुष्पवृष्टी पाहिजे होती. "ड्रोनची नमुन्याची बाटली काढ, पाकळ्या भर."

"सर, तो पाण्यासाठी हाय."

"मंग पाकळ्या ओल्या करून भर!"

*

शेवटी प्रिन्सिपलकडं गेलो.

"सर रिटायर होऊन राह्यले," ते म्हणाले. "थोडं सांभाळून घे."

"सर, माझं तर अजून सुरूच झालं न्हाई."

"म्हणून तर. तुला कुठं घाई हाय?"

*

फायनल डेमो गोदावरीच्या काठावर. बाहेरचे परीक्षक आलेले, मांडव घातलेला. सकाळी बॅनरचं शूटिंग करण्यात सरांनी एक बॅटरी संपवली. दुसरी लावून ड्रोन टेबलावर चालूच ठेवायला लावला. "लाईट लागलेले फोटोत भारी दिसतात!" प्रमुख पाहुणे तीन तास उशिरा आले. मंग हार. मंग शाल. मंग भाषण.

"सर, बॅटरी संपत आली. असंल तिथंच खाली उतरंल तो, प्रोग्रॅमच तसा हाय."

"पाहुण्यांसमोर न्हाई म्हणायचं नसतं. उडव!"

मार्क त्यांच्या हातात. उडवला.

ड्रोन नदीच्या मधोमध गेला, थांबला, आणि सावकाश, बिलकुल सरळ, पाण्यावर उतरला. मंग पाण्यात.

"बघा!" सर माईकवर ओरडले. "नमुना घेऊन राह्यलाय!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अख्ख्या मांडवानं वाजवल्या. मंग सगळे तो वर यायची वाट बघत बसले.

सरांनी रिपोर्टात लिहिलं, "विद्यार्थ्यांचा निष्काळजीपणा." माफीनामा मागितला. अझहरनं दिला, त्याला मी काही म्हणत न्हाई. मी दिला न्हाई, माझे मार्क अडवले.

कॉलेजची चार वर्षं गेली. डिग्री न्हाई.