कातडं कमावणाऱ्या साहेबाचं आडनाव

मी स्वातंत्र्याच्या चळवळीची पत्रकं लिहिणारा माणूस. चार ओळींत शत्रू दाखवायचा, पाचवीत त्याला घालवायचा, एवढंच मला येतं. अक्काची हकिकत मात्र पत्रकात कधी बसली नाही. लिहायला घेतली की शत्रू आपल्याच चावडीत बसलेला निघायचा, आणि तसलं पत्रक छापायला आमची मंडळी राजी नव्हती.

आमचं घर श्रीरामपूरच्या कडेला, कातडी कमावणाऱ्यांचं. अक्का माझी मोठी बहीण, आमच्या आळीतली पहिली मास्तरीण. नगरला मिशनच्या शाळेत शिकली. सुट्टीला आली की इंग्रजी आडनावं उलगडून दाखवायची. तिथल्या मडमेनं तिला ती सांगितलेली. स्मिथ म्हणजे लोहार. पॉटर कुंभार, टेलर शिंपी. वेबस्टर म्हणजे मुळात कापड विणणारी बाई. आणि वॉकर म्हणजे नुसता चालणारा नव्हे, तर ओलं कापड पायांनी तुडवून घट्ट करणारा.

आबा, म्हणजे आमचे वडील, बाभळीची साल कुटता कुटता ऐकायचे.

"आन आपलं काम?"

"टॅनर, आबा. तिकडं आडनावच आहे तसं."

"म्हंजी साहेबात बी आपलं सोयरं हायती! मग एखादं स्थळ बघ की गं तिकडं."

"सासू गोरी मिळंल, आबा. तुमाला इंग्रजीत शिव्या घालील."

आबा हसून हसून खोकायला लागले. पण नंतर म्हणाले, "त्यान्ला त्या नावानं कुनी लांब बसवत न्हाई?" अक्का म्हणाली, "न्हाई." आबा पुन्हा साल कुटायला लागले.

पुढं शाळा चालवणाऱ्या लोकल बोर्डानं अक्काला कर्जत तालुक्यातल्या एका गावी मास्तरीण नेमलं. हुकूम वरचा म्हणून गावानं तिला घेतली, पण आपल्या रीतीनं. मुलांनी पाटी जमिनीवर ठेवायची. बाईंनी वाकून ती उचलायची, तपासायची, परत जमिनीवर ठेवून हात मागं घ्यायचा. मग मुलानं पाटीवर पाणी शिंपडायचं आणि उचलायची. पाण्यानं पुष्कळदा बाईंचा शेराच पुसून जायचा. तरी अक्का टिकली. तिला नोकरीत कायम व्हायचं होतं. कायम झाली की बिऱ्हाड करणार होती आणि आळीतल्या पोरींना शिकायला तिकडं नेणार होती. ते सगळं तपासणीला येणाऱ्या साहेबाच्या शेऱ्यावर होतं.

साहेबाचं आडनाव कळलं. टॅनर.

मी तिथं नव्हतो, अक्कानं सांगितलं तेच सांगतो. नमस्कार करताना नाव नीट यावं म्हणून ती मुलांकडून ते घोकून घेत होती. एका मुलीनं विचारलं, "बाई, म्हंजी काय?" अक्कानं सांगितलं. मास्तरीण होती ती. विचारलं तर सांगणारच. काय चुकलं?

तपासणीच्या दिवशी पाटलानं घरचा चांदीचा पेला आणला, दूध भरून स्वतः साहेबाच्या हातात दिला. साहेबानं मुलांना सांगितलं, काही विचारायचं असेल तर विचारा. तीच मुलगी उभी राहिली.

"साहेब, तुमी बी बाईंवानी कातड्याचं का?"

कारकुनानं घाबरत भाषांतर केलं. साहेब मोठ्यानं हसला. आपले खापरपणजोबा तेच करत असतील म्हणाला, शाळेबद्दल चांगला शेरा लिहिला, आणि मोटारीत बसून गेला.

पाटलाचा पेला राखेनं घासून फडताळात गेला. शुद्ध करायला त्याला कुणी विस्तव दाखवला नाही. साहेबाला कुणी विटाळ म्हटलं नाही. पण संध्याकाळी अक्काच्या खोलीच्या दारात माणसं उभी. "साहेबाला तुझ्या वळीत बसिवती व्हय गं?" दुसऱ्या दिवसापासून पोरं शाळेत येईनाशी झाली. आठवडे गेले. मग बोर्डानं कळवलं, हजेरी नाही, सबब बाईंची गरज नाही. साहेबाचा शेरा कुणी वाचलाही नसेल.

अक्का घरी आली आणि आबांबरोबर कातडी चुन्यात भिजवायला लागली. तिनं आडनावं पुन्हा कधी काढली नाहीत. आबांनी एकदा मुद्दाम विचारलं, "ते वॉकर म्हंजी काय गं?" ती म्हणाली, "इसरले."

इंग्रजांचं राज्य जायच्या वर्षी मी मोठं पत्रक लिहिलं. गुलामी संपली, आता कुणी कुणाला कमी लेखणार नाही, असं ठासून. छापण्याआधी शुद्धलेखन बघायला अक्काकडे नेलं. चुन्यानं भेगाळलेले हात तिनं पदराला पुसले, सगळं वाचलं, दोन वेलांट्या दुरुस्त केल्या.

"आता घेतील का रे मला त्या शाळेत?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "घ्यावंच लागेल. आता आपलं राज्य आहे."

तिनं पत्रक माझ्या हातात दिलं नाही. माझ्यापुढं जमिनीवर ठेवलं आणि हात मागं घेतला. आमच्याच घरात, सख्ख्या भावापुढं.