रिकाम्या खुर्चीचा चहा

सुधारायला निघालेले चार पुरुष एका खोलीत बसले की सुधारणा होवो न होवो, किस्से मात्र साठतात! आमच्या मंडळाचे इतके साठलेत की कोणी विचारलं तर मी आधी हसण्यातले सांगतो. उरलेले सुरू केले की बायको उठून दिवा लावते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जळगावात कांतीशेठचं स्टेशनरीचं दुकान, वर लाकडी जिना चढून एक खोली. दर गुरुवारी संध्याकाळी तिथे आम्ही जमायचो: शेठ, चौधरी सर, मी आणि माझ्या ऑफिसातला सुभाष. पुरुषांनी व्यक्तिमत्त्व कसं घडवावं यावरचं एक पुस्तक शेठकडे आलं होतं. मुखपृष्ठावर कोट घातलेला माणूस, हात कमरेवर. त्याला बघूनच आमची पोटं आत जायची!

*

पहिला धडा नजरेचा. समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघायचं, पापणी हलवायची नाही. सराव घरी, आरशासमोर.

चौधरी सर म्हणजे गणिताचे मास्तर, पोरं त्यांच्यापुढे चळाचळा कापायची. तेच सर एका गुरुवारी तोंड पाडून आले.

"हरलो!"

"कोणाशी?"

"आरशाशी. माझी पापणी आधी मिटली."

शेठ हसत सुटले. "अहो सर, तुमची मिटली तर त्याचीही मिटणारच ना!"

"तेच तर मी त्याला सांगितलं," सर म्हणाले.

*

पुढचा धडा खुर्चीचा. समोर रिकामी खुर्ची ठेवायची. आपल्याला जो पुरुष व्हायचंय तो तिच्यात बसलाय असं समजून त्याच्याशी बोलायचं.

आता खान्देशात समोर माणूस बसलाय आणि त्याला चहा नाही, हे कसं चालेल? शेठनी खिडकीतून खालच्या चहावाल्याला हाक मारली, "भिकनभाऊ, आज एक चहा जास्तीचा!" तेव्हापासून खुर्चीपुढेही कपबशी यायला लागली. पुस्तकात चहाचं कुठेही लिहिलेलं नव्हतं. तो आमचा स्वतःचा शहाणपणा.

*

खुर्चीशी सगळ्यात मनापासून बोलायचा सुभाष. अमळनेरजवळच्या खेड्यातला, बिचारा इतका भिडस्त की साहेबांनी नाव विचारलं तरी घाम फुटायचा. चहा बशीत ओतून, फुंकून प्यायचा आणि मग बशी कपावर पालथी घालायचा. मला फार आवडायचा तो.

धुळ्याला मुलगी बघायला गेला तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. तिच्या घरच्यांनी नकार कळवला, वर विचारलं, "मुलगा मुका आहे का?" तेव्हापासून त्यानं ध्यासच घेतला. आपल्या जागी यायची विनवणी करत खुर्चीला हात जोडून म्हणायचा, "तुम्ही या ना. मना जागे तुम्ही या."

शेवटच्या धड्यात होतं, एक दिवस उठा आणि त्या खुर्चीत स्वतः जाऊन बसा. सुभाष बसला. डोळे मिटले. उठला तो ताठ उठला, आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "चौधरी, चहा सांगा!"

सर नाही, साहेब नाही, नुसतं चौधरी! आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यानं चहा कपानंच प्यायला, गरम गरम, एका दमात.

निघताना कपबश्या मी गोळा केल्या. रिकाम्या खुर्चीपुढचा कप संपलेला होता. वर बशी पालथी घातलेली होती.

*

महिन्याभरात सुभाष पुन्हा धुळ्याला गेला, त्याच मुलीकडे. मी सोबत होतो. असा बोलला की मुलीचे वडील गार! लग्न तिथल्या तिथे ठरलं.

निघताना मुलगी दाराशी मला हळूच म्हणाली, "भाऊ, मागच्या वेळी आले होते ते मला आवडले होते. घरच्यांनी नको म्हटलं. ते का नाही आले?"

"अहो, हे तेच की!"

"मग हे पापणी का हलवत नाहीत?"

परतीच्या एसटीत मी सुभाषच्या शेजारी बसलो नाही. खरंच भीती वाटली.

*

पुढच्या गुरुवारी सुभाषची आई, अक्का, गावाहून आल्या आणि जिना चढून थेट वर. सुभाष म्हणाला, "या. बसा." पोटचा पोर असून, पाहुणीला म्हणावं तसं.

अक्कांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. रिकाम्या खुर्चीपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

"कितला दिन बठशी रे आठे? चाल भाऊ, घर चाल. भाकर थंडी व्हई ऱ्हायनी."

शेठ गडबडले. "अक्का, तुमचा सुभाष इकडे बसलाय!"

"हाऊ मना पोऱ्या नही," अक्का शांतपणे म्हणाल्या. मग लहान मुलाचं बोट धरावं तसा हात मागे धरून त्या जिना उतरल्या.

तेवढ्यात भिकनभाऊ चहाचा ट्रे घेऊन, कपांवरच नजर ठेवून वर आला.

"शेठ, सुभाषभाऊ आज लवकर निघाले? आत्ताच खाली अक्कासोबत भेटले. किती दिवसांनी हसले हो माझ्याशी! मग त्यांचा चहा ठेवू, का परत नेऊ?"

समोर बसलेल्यानं, पापणी न हलवता, हात पुढे केला.

"ठेवा."